साडेसहा हजारांचं 'संगणक साहित्य'

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गाव तासगाव तालुक्यात, रोज एसटीनं जा-ये करते. गेल्या आठवड्यात कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लागली. पदवीच्या मुलांना संशोधनासाठी विद्यापीठाकडून 10,000 रुपयांपर्यंत मदत मिळणार आहे, अर्जाची मुदत ऑगस्टअखेर. मी फॉर्म आणला. शीर्षक, उद्दिष्टं, कार्यपद्धती, वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, मार्गदर्शकाची सही असं बरंच काही आहे आणि सगळं इंग्रजीत भरायचं आहे. मी विषय घेतलाय 'महाराष्ट्रातील द्राक्षशेतीवर हवामानबदलाचा परिणाम'. खर्चात संगणक साहित्य 6,500, प्रवास 2,000 आणि किरकोळ 1,500 असं लिहिलंय. सरांना विचारलं तर म्हणाले, 'तू लिहून आण, मी सही करतो.' मैत्रिणी म्हणतात, असली मदत ओळखीच्यांनाच मिळते, उगाच कशाला राबतेस. वडील म्हणतात, 'त्यातनं मिळणार काय?' अर्ज करू का नको? आणि केला तर मंजूर होईल असा कसा लिहू?

— एक विद्यार्थिनी, तासगाव तालुका

ता. क. द्राक्षाचा विषय घेतला कारण आमचं बेदाण्याचं शेड आहे. वडील दर वर्षी कुरकुरतात की रॅकच्या वरच्या कप्प्यातला माल आधी वाळतो, खालचा मागं राहतो आणि काळपट पडतो, मग सौद्यात भाव मार खातो. पण हे काही संशोधन नाही, सहज लिहिलं.

*

पोरी, अर्ज कर. आणि तो ताजा कलम आहे ना, तोच तुझा अर्ज. वरचं सगळं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

मी 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि शेवटची काही वर्षं असल्या अर्जांच्या छाननीलाही बसले. टेबलावर पन्नास-साठ अर्जांचा गठ्ठा, चहा गार झालेला, जेवायची वेळ टळलेली. अशा वेळी मी शीर्षक वाचलं की थेट खर्चाचं पान उघडायची. उद्दिष्टं काय, कुणीही कुठूनही उतरवून काढतो. खर्चाचं पान उतरवता येत नाही. आपण नक्की काय करणार आहोत हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच त्याला काय काय लागेल हे सांगता येतं.

तुझं पान बघ. साडेसहा अधिक दोन अधिक दीड, बरोब्बर दहा हजार. खऱ्या खर्चाची बेरीज अशी गोल येत नसते गं. किराणाची यादी करून दुकानात गेलीस तर बिल पाचशेच येतं का कधी? म्हणजे तू दहा हजारापासून उलटी मागं आलीस. आणि 'संगणक साहित्य' म्हणजे काय, ते मी ओळखलं. लॅपटॉपच्या पैशाला तेवढाच हातभार. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच अर्जांत एक लॅपटॉप कुठल्या ना कुठल्या नावानं लपलेला असायचा. एकानं तर त्याला 'विदासंकलन यंत्र' म्हटलं होतं. हसून हसून पुरेवाट झाली, पण अर्ज बाजूलाच गेला.

म्हणून माझं सांगणं असं, की फॉर्म वरून खाली भरू नकोस. खर्चापासून सुरू कर. वडिलांची कुरकुर समोर ठेव आणि स्वतःला विचार, हे खरं आहे का नाही ते ठरवायला मला काय काय लागेल?

चल, आपण करूनच बघू. वरचा कप्पा, मधला आणि खालचा, असे तीन घेऊ. प्रत्येक कप्प्यातून दर खेपेला तीन नमुने, म्हणजे एका शेडचे नऊ. एकाच शेडवरून बोललीस तर कुणीही म्हणेल की तुमच्या शेडची दिशाच तशी आहे. म्हणून शेजारचं आणखी एक शेड घे, त्यांची लेखी परवानगी काढून. झाले अठरा. माल वाळायला साधारण पंधरा-अठरा दिवस लागतात, तू दर तिसऱ्या दिवशी गेलीस तर सहा फेऱ्या. अठरा सक 108 नमुने. आता हा आकडा हातात आला की बाकीचं आपोआप सुटत जातं. घट्ट झाकणाच्या डब्या किती? एका फेरीला अठरा, अधिक एखाद-दुसरी जादा, कारण एक तरी हरवतेच. कप्प्यातलं तापमान आणि हवेतला दमटपणा दाखवणारी छोटी यंत्रं किती? तीन कप्पे, दोन शेड, सहा. प्रवास किती? गाव तुझंच, आपल्या शेडला काय प्रवास! दुसऱ्या शेडपर्यंतचा आणि नमुने सांगलीला आणायचा, तेवढाच. शिवाय एसटीत बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा अर्धंच लिही. पूर्ण तिकीट लावणारे अर्ज आम्हाला लगेच दिसायचे.

किमती मात्र नेटवरून उचलू नकोस. सांगलीत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात स्वतः जा, कागदावर कोटेशन माग. दोन दुकानांतून घेतलंस तर उत्तमच. पहिल्यांदा जाशील तेव्हा दुकानदार विचारेल, 'कुठलं कॉलेज? बिल कुणाच्या नावानं?' गोंधळशील. पण तो प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बिल कॉलेजच्या नावानं, जीएसटीसकट लागतं आणि साध्या पावतीवर पुढं हिशेब अडकतो. हे आत्ताच कळलेलं बरं.

आता एक गोष्ट रसायनशास्त्राची, माझ्यातली मास्तरीण गप्प बसत नाही म्हणून. पाण्याचं प्रमाण काढायचं म्हणजे नमुना 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि वजनातली घट मोजायची, असं तू प्रॅक्टिकलमध्ये शिकली असशील. बेदाण्याला तसं करू नकोस. त्यात साखर ठासून भरलेली असते. तेवढ्या उष्णतेला ती करपायला लागते, पाण्याबरोबर तिचंही वजन जातं आणि तुला वाटतं, केवढं पाणी होतं! सुक्या फळांसाठी हवेचा दाब कमी केलेल्या ओव्हनमध्ये 70 अंशांवर सहा तास, अशी पद्धत आहे. तसा व्हॅक्यूम ओव्हन तुमच्या कॉलेजात आहे का, ते आधी बघ. नसला तर सांगली-मिरजेत कुठल्या प्रयोगशाळेत वापरायला मिळेल, ते सरांकडून विचारून घे आणि तिथलं शुल्क असलं तर ते खर्चात धर. अठरा डब्या त्यात एका वेळी मावतात का, हेही बघ. मावत नसतील तर दोन पाळ्या, म्हणजे बारा तास, म्हणजे लॅब रात्री उघडी कोण ठेवणार? बघ, एका डबीवरून आपण शिपाईमामांपर्यंत आलो. छाननीला बसलेल्या माणसाला अर्जात हेच वाचायचं असतं.

काळपटपणाचं काय? तो मोजायला महागडं यंत्र लागतं असं समजू नकोस. प्रत्येक कप्प्यातला माल वाळल्यावर शंभर दाणे कागदाच्या पुडीत बांध. पुडीवर फक्त आकडा टाक, वर-खाली काही लिहू नकोस, कुठला आकडा कुठला ते तुझ्या वहीत. मग बेदाणा निवडणाऱ्या दोन बायकांना वेगवेगळं बसवून काळे दाणे वेगळे काढायला सांग. त्या वर्षानुवर्षं निवडणी करतायत, त्यांच्या नजरेला रंगातला जो फरक दिसतो, तो तुझ्या-माझ्या नजरेला दिसणार नाही. दोघींची मोजणी जुळली तर तुझा आकडा पक्का. आणि त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी खर्चात लाव. 'निवडणी मजुरी' अशी ओळ मी माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्या अर्जात पाहिली नाही. पाहिली असती तर त्या मुलीला मी चहा पाजला असता.

कार्यपद्धतीत एक वाक्य विसरू नकोस. तिन्ही कप्प्यांतला माल एकाच बागेतला, एकाच दिवशी काढलेला आणि एकाच द्रावणात बुडवलेला असला पाहिजे. द्रावणातल्या पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं प्रमाण वेगळं पडलं तर वाळण्याचा वेग त्यानंच बदलतो, मग कप्प्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. कप्प्यात माल किती दाट पसरला, तेही तसंच. हे सांभाळणं वडिलांच्या हातात आहे, त्यामुळे त्यांना आधी विश्वासात घे. मात्र बेदाण्याला रंग यावा म्हणून देतात त्या गंधकाच्या धुरीत आत्ता शिरू नकोस. विषय चांगला आहे, रसायनशास्त्राचाही आहे, पण 'अमक्याच्या शेडमधल्या मालात इतकं निघालं' असा कागद एकदा फिरला की गावात राहायची पंचाईत. शेजाऱ्याच्या शेडलाही अहवालात नाव नको, 'शेड ब' पुरे.

शीर्षक आता तूच करशील. 'महाराष्ट्रातील' काढ, 'हवामानबदल' काढ. हवामानबदल खोटा नाही, अवकाळीनं तुमच्याकडे काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण दहा हजारांत आणि एका हंगामात महाराष्ट्राचं हवामान मोजून होत नाही. 'तासगाव तालुक्यातील दोन शेडमध्ये रॅकच्या कप्प्यानुसार बेदाणा वाळण्याचा वेग आणि रंग', एवढं बास. छोटं वाटतंय ना? वाटू दे.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. आधी मराठीत लिही, अगदी आईला सांगितल्यासारखं. मी हे मोजणार, इतक्या वेळा, या यंत्रानं. मग एकेक वाक्य इंग्रजीत कर. वाक्यं आखूड ठेव. तरी चुका राहिल्या तर राहू देत, व्याकरणावरून आम्ही कुणाला परत पाठवलं नाही. मोबाइलला सांगून अख्खा अर्ज लिहून घ्यायचा मोह होईल. भाषा तपासायला वापर, पण मजकूर त्याचा नको. एकाच गठ्ठ्यात बारा अर्ज एकाच आवाजात बोलायला लागले की वाचणाऱ्याला कळतं, आणि मुलाखतीला त्या बाराही जणांची त-त-प-प होते.

सरांचं 'तू लिहून आण, मी सही करतो' तुला लागलंय, हे पत्रावरून कळतं. वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना तास आहेत, परीक्षेची कामं आहेत, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली आहेत. पण सही मागायला जाशील तेव्हा नुसता फॉर्म नको, तीन प्रश्न घेऊन जा. ओव्हन कधी मोकळा असतो? खरेदी कॉलेजच्या कुठल्या खात्यातून होणार? पैसे उशिरा आले तर सामान उधारीवर मिळेल का? तिसरा प्रश्न ऐकून सर खुर्चीत सरळ बसतील, बघ. कारण पैसे उशिराच येतात.

माझ्यावर आलेली वेळ सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मला एका कार्यालयाकडून छोटंसं अनुदान मंजूर झालं होतं, हळदीवरच्या कामासाठी. मंजुरीचं पत्र दिवाळीला आलं, मी पेढे वाटले. पैसे आले मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणि 31 मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्या म्हणाले. तोवर हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन बाजारात गेली होती. नऊ दिवसांत मी काचेची भांडी घेतली, तीही नको होती ती. त्यातला एक मोजपात्रांचा संच निवृत्त झाले तेव्हाही कपाटात तसाच पडून होता. चूक त्यांची होती तशी माझीही. पिकाची तारीख मला ठाऊक होती आणि मी ती अर्जात कुठंच लिहिली नव्हती.

तुझ्याकडे तर तीन तारखा एकमेकींच्या अंगावर येणार आहेत. शेड भरणार फेब्रुवारी-मार्चमध्ये, सहाव्या सत्राची परीक्षा त्याच्या मागोमाग आणि आर्थिक वर्ष संपणार 31 मार्चला. वेळापत्रकाच्या रकान्यात 'पहिला महिना साहित्याचा आढावा, दुसरा महिना प्रयोग' असं छापील काही लिहू नकोस. तुमची बाग कधी उतरणार ते लिही. यंत्रं आणि डब्या डिसेंबरपर्यंत हातात हव्यात, हेही त्यातच लिही. साहित्याच्या आढाव्यासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, बेदाण्यावर त्यांचं काम आहे, तिथून सुरुवात कर. कप्प्यांचा प्रश्न कुणी आधी तपासला असेल तर घाबरून विषय सोडू नकोस, त्यांनी कसं मोजलं ते वाच आणि तसं अर्जात लिही.

आता मैत्रिणींचं म्हणणं. ओळखीवर काही मिळतच नाही असं मी म्हणणार नाही, एवढी भाबडी मी नाही. पण मी ज्या छाननीला बसले तिथं अडचण वेगळीच असायची. वाटायला पैसे असायचे आणि देण्याजोगे अर्ज पुरेसे नसायचे. सांगलीच्या एखाद्या कॉलेजातून तर एकही अर्ज यायचा नाही. कारण तिथल्या सगळ्यांनी हेच गृहीत धरलेलं, की ओळखीच्यांनाच मिळतं.

आणि वडील. त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला गोड बोलून उत्तर देऊ नकोस. हातात रोख काही पडणार नाही, हा पगार नव्हे आणि उरलेले पैसे परत करावे लागतात. पण काम झालं की तेच घेऊन 'आविष्कार'ला जाता येतं. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 पासून चालू आहे. पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो, आधी जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं करायचं मनात असेल, तर नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, आणि त्या वर्षी संशोधन प्रकल्प करावाच लागतो. त्याची ही रंगीत तालीम समज. आणखी एक, बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे राहून काम करायची. त्या अर्जात तुला काय करायचंय ते थोडक्यात लिहावं लागतं. पहिला उन्हाळा शेडमध्ये घालवलेल्या मुलीला तिथं लिहायला काहीतरी असतं.

पण वडिलांना हे सगळं सांगण्यापेक्षा एवढंच विचार, 'खालचा कप्पा का मागं राहतो ते कळलं, तर पुढच्या वर्षी तुम्ही शेडमध्ये काय बदलाल?' पंखा लावतील, खाली माल विरळ पसरतील, शेडनेट वर गुंडाळतील, का आणखी काही. ते जे सांगतील ते 'अपेक्षित उपयोग' या रकान्यात घाल. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात काही विद्यापीठात निघालेली नाही, तुमच्याच भागातल्या एका बागायतदारानं थॉम्पसन सीडलेसच्या बागेतला वेगळा वेल हेरला आणि वाढवला, हे त्यांना माहीत असणारच. नसलं तर सांग.

मुलाखतीला बोलावलं तर दोन पुड्या घेऊन जा, एक वरच्या कप्प्यातली, एक खालची. गेल्या हंगामातला माल घरात असेलच. 'यात नवीन काय?' हा प्रश्न हमखास येतो. तोंडानं उत्तर देण्याआधी दोन्ही पुड्या टेबलावर उघड. समितीतलं कुणीतरी एक दाणा तोंडात टाकेलच, आम्हीही माणसंच. मग सांग, की हा फरक किती आहे आणि कशामुळं आहे, हे आमच्या गावात सगळे सांगतात पण मोजलेलं कुणी नाही.

ऑगस्टअखेर मुदत म्हणजे हातात फार दिवस नाहीत. आज रात्री जेवताना वडिलांना एकच विचार, यंदा फळासाठीची ऑक्टोबर छाटणी कितव्या तारखेला धरायची म्हणताय? ती तारीख वहीत लिही. तिथून बेदाण्याजोगी साखर भरायला तुमच्या बागेला किती दिवस लागतात ते त्यांना तोंडपाठ असेल. त्यावरून शेड भरायचा दिवस काढ, पुढच्या सहा फेऱ्यांच्या तारखा काढ आणि परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेवून कुठल्या फेरीला भावाला पाठवावं लागेल ते बघ. त्याला नमुने घ्यायला आधी शिकवून ठेव, नाहीतर तो सगळे वरच्याच कप्प्यातले आणेल.